धाक एकाकडे, माया दुसरीकडे

तासगावच्या घरात द्राक्षबागेचे वर्ष आणि शाळेचे वर्ष एकत्र नांदतात, आणि दोघांची घाई नेमकी एकाच वेळी येते. फळछाटणीची धांदल ऑक्टोबरमध्ये भरात असते, तेव्हाच मुलांची सहामाही तोंडावर आलेली असते. बाग फुलोऱ्यात असताना आभाळ भरून आले, की डाऊनी रोगाच्या भीतीने बाप रात्री-अपरात्री औषध मारायला बाहेर पडतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल काढणीला येतो, बेदाण्याच्या शेडवर रॅक भरू लागतात, आणि त्याच आठवड्यांत दहावी-बारावीची परीक्षा असते. मुलाला केंद्रावर सोडायला घरात मोकळे माणूस सापडत नाही. एप्रिलच्या खरडछाटणीला मुले सुट्टी लागून घरी असतात, पण आई-वडील दोघेही बागेत असतात.

मुले कशी वाढवावीत हे सांगणारी पुस्तके मराठीत आता पुष्कळ आहेत. त्यांतली बहुतेक शहरातले चौकोनी कुटुंब गृहीत धरतात. दोघांची ठरावीक वेळेची नोकरी, मुलाची वेगळी खोली आणि रात्री आठ वाजता एकत्र जेवण. तासगाव, कवठेमहांकाळ, खानापूर, आटपाडी या भागातल्या घरांचा दिवस तसा नसतो. म्हणून या संग्रहातले लेख इथल्या घरांना समोर ठेवून लिहिले आहेत. ते वाचण्याआधी विषयाची थोडी पायाभरणी व्हावी आणि वाचताना एक प्रश्न सतत मनात राहावा, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

तो प्रश्न आधीच मांडतो. आपल्या घरांनी मुले वाढवण्याच्या कामाची वाटणी करून टाकली आहे. धाक बापाचा, माया आईची, लाड आजीचे. ‘थांब, पप्पांना येऊ दे’ हे वाक्य इथल्या प्रत्येक घरात ऐकू येते, आणि त्या एका वाक्यात ही सगळी वाटणी आहे. त्यात आई स्वतःचा शब्द स्वतःच हलका करून घेते, आणि बापाला तो दारात पाऊल टाकण्याआधीच शिक्षा करणारा माणूस ठरवते. माझे म्हणणे असे, की ही वाटणी मुलांना महाग पडते. धाक आणि माया मुलाला एकाच हातून मिळायला हवीत, आणि ते घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला जमायला हवे.

हे केवळ माझे मत नाही. पालकांच्या वागण्याच्या तऱ्हा आणि त्यांचा मुलांवर होणारा परिणाम यांचा जो अभ्यास गेल्या साठ वर्षांत झाला, तोही याच दिशेला बोट दाखवतो. अमेरिकेत बर्कली इथे डायाना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात बालवाडीच्या वयाच्या मुलांचे बारकाईने निरीक्षण केले. मुले इतर मुलांत कशी वागतात, नवी गोष्ट करून पाहतात की मागे राहतात, रागावर ताबा ठेवतात की नाही, हे त्यांनी पाहिले आणि मग त्यांच्या घरांकडे वळून पालकांचे वागणे तपासले. १९६६ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखनातून पालकांच्या तीन तऱ्हा पुढे आल्या. पहिली हुकमी: सांगितले ते ऐकायचे, का म्हणून विचारायचे नाही. दुसरी सैल: मूल म्हणेल ते, नियम कुठलाच नाही. तिसरी ठाम आणि समजूतदार: नियम आहेत, ते पाळलेच पाहिजेत, पण ते का आहेत हे मुलाला सांगितले जाते आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतले जाते. १९८३ मध्ये एलिनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन या अभ्यासकांनी हीच मांडणी दोन मापांवर बसवली. मुलाकडून किती अपेक्षा ठेवली जाते हे एक माप, आणि मुलाच्या गरजेला किती साद दिली जाते हे दुसरे. दोन्ही मापे मिळून चार कप्पे होतात. चौथा कप्पा सर्वांत वाईट: अपेक्षाही नाही आणि सादही नाही, म्हणजे दुर्लक्ष.

बॉमरिंड यांना काय दिसले? हुकमी घरांतली मुले आज्ञाधारक होती, पण नाखूश आणि बुजरी. सैल घरांतल्या मुलांमध्ये स्वतःवरचा ताबा आणि स्वावलंबन सर्वांत कमी होते. ठाम आणि समजूतदार घरांतली मुले स्वतःच्या पायांवर जास्त उभी होती, इतरांत जास्त मिसळत होती. नंतरच्या अनेक अभ्यासांतही हा तिसरा प्रकार पुन्हा पुन्हा सरस ठरला. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. या तिसऱ्या घरात शिस्त हुकमी घराइतकीच आहे, आणि माया सैल घराइतकीच. दोन टोकांच्या मधला हा तडजोडीचा मार्ग नव्हे. इथे दोन्ही गोष्टी पुरेपूर आहेत, आणि एकाच माणसाच्या वागण्यात आहेत.

आता आपल्याकडे वळू. पहिली पाच वर्षे लाड करावेत, पुढची दहा वर्षे धाकात ठेवावे आणि सोळाव्या वर्षी मित्रासारखे वागवावे, असे सांगणारे संस्कृत सुभाषित आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी असे. त्यात वयाप्रमाणे बदलण्याचे शहाणपण जरूर आहे. पण माया आणि धाक यांची त्यात वर्षांनुसार वाटणी आहे, जशी आपण ती माणसांनुसार केली. दहा वर्षे ज्या मुलाला बापासमोर तोंड उघडायची मुभा नव्हती, ते सोळाव्या वाढदिवशी एकाएकी बापाचे मित्र होत नाही. मैत्रीची सवय सहाव्या वर्षापासून लागते. मूल काहीतरी सांगत असते, आणि मोठे माणूस हातातले काम न सोडता का होईना, ते ऐकत असते.

आनंद यादवांचे ‘झोंबी’ (१९८७) हे आत्मकथन वाचलेल्या माणसाला या वाटणीची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही. तासगावपासून फार दूर नसलेल्या कागलमधला, शिकायची ओढ लागलेला मुलगा आणि त्याला मळ्यात राबवू पाहणारा बाप यांची ती झटापट आहे. १९९० मध्ये या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातला बाप दुष्ट म्हणून रंगवलेला नाही. दुसऱ्याच्या मळ्यात कसणारा, खाणाऱ्या तोंडांनी वाकलेला तो माणूस आहे, आणि पोराचे दोन हात त्याला खरोखर हवे आहेत. पण पोराशी बोलायला त्याच्याजवळ हुकूम आणि मार यांपलीकडे भाषा नाही. माया आईकडे आहे, पण निर्णय तिच्याकडे नाहीत. त्या मुलाने शिक्षण मिळवले ते आपल्या जिद्दीवर. त्या पिढीतली कितीतरी मुले अशा झटापटीत हरली आणि त्यांचे आत्मकथन कुणी लिहिले नाही.

दुसरे पुस्तक साने गुरुजींचे ‘श्यामची आई’. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ते लिहिले गेले. आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये त्याच्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. मराठी घरांत हे पुस्तक मायेचे म्हणून वाचले जाते, त्याने पिढ्यांना रडवले. पण पुन्हा वाचून पाहावे. ही आई मऊ नाही. चोरी, खोटेपणा, भित्रेपणा तिला खपत नाही. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला ती फटके देऊन बाहेर काढते, आणि नंतर त्याला जवळ घेऊन आपण असे का केले ते सांगते. त्या फटक्यांचे समर्थन मी करणार नाही, त्याबद्दल पुढे लिहिलेच आहे. पण ही आई धाकाचे काम वडिलांवर सोपवत नाही. ती स्वतः ठाम राहते आणि स्वतःच समजूत घालते. तिचे बळ नुसत्या मायेत असते, तर श्याम इतका घडला नसता.

आता माराबद्दल, कारण या भागात तो अजून सहज होतो आणि त्याचे समर्थनही तितकेच सहज होते. ‘आम्ही मार खाऊनच मोठे झालो’ हे वाक्य पालकसभेत ठरलेले. एलिझाबेथ गेरशॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये पन्नास वर्षांतले संशोधन एकत्र करून पाहिले. त्यात सुमारे १,६०,००० मुलांची माहिती होती. चापटीसारख्या साध्या वाटणाऱ्या मारानेही मुले अधिक आज्ञाधारक होतात असे दिसले नाही. उलट आक्रमकता, खोटे बोलण्यासारखे वर्तनाचे प्रश्न, मनाचे आजार आणि पालकांशी बिघडलेले नाते यांच्याशी त्याचा संबंध दिसला. जिथे मार सगळ्याच घरांत असतो तिथे तो मुलांना टोचत नाही, असेही काहीजण म्हणतात. जेनिफर लॅन्सफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये भारत, चीन, थायलंड, फिलिपिन्स, केनिया आणि इटली या सहा देशांत नेमके हेच तपासले. जिथे मार रूढ आहे तिथे परिणामाची धार थोडी बोथट होते, एवढे खरे निघाले. पण चिंता आणि आक्रमकता तिथेही वाढलेलीच होती. सगळ्यांना ऊन लागते म्हणून ऊन बाधत नाही, असे होत नाही.

जून २०२५ मध्ये आपल्याच सांगली जिल्ह्यात नीटच्या सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून वडिलांनी केलेल्या मारहाणीत सतरा वर्षांची मुलगी दगावली. त्या घराबद्दल अधिक लिहिण्याचा मला अधिकार नाही. पण ही बातमी वाचून ‘असला कसला बाप’ म्हणत पान उलटणे सोपे होते, आणि ते आपल्याला परवडणारे नाही. गुण म्हणजे घराची अब्रू, ही समजूत त्या एका घराची नव्हती. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने, त्याच्या सतराव्या कलमाने, शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोन्हींवर बंदी घातली. शाळेच्या दारात जे गैर ठरले, ते घराच्या दारात योग्य कसे राहील, हा प्रश्न आपण अजून पुरेशा मोठ्याने विचारलेला नाही. स्वीडनने १९७९ मध्येच घरातला मारही कायद्याने बंद केला. असे करणारा तो जगातला पहिला देश.

इथे एक रास्त शंका येते. बर्कलीच्या मध्यमवर्गीय घरांवर बेतलेली मापे बागायतदाराच्या किंवा ऊसतोड कामगाराच्या घराला लावायची का? रूथ चाओ यांनी १९९४ मध्ये चिनी-अमेरिकी कुटुंबांबद्दल हीच शंका घेतली. त्या घरांतली कडक शिस्त बाहेरून हुकमी दिसते, पण तिच्यामागे मुलासाठी रात्रंदिवस झिजणारी आई असते, आणि मुलालाही ती शिस्त आपुलकी म्हणूनच कळते, असे त्यांनी दाखवले. हे आपल्याला ओळखीचे वाटेल. पहाटे साडेचारला उठून डबा करणारी, मग बागेत विरळणीला जाणारी आणि संध्याकाळी अभ्यासासाठी डाफरणारी आई कुठल्या कप्प्यात घालणार? म्हणून मापे जपून वापरावीत. मात्र चाओ यांच्या म्हणण्यातही अट तीच राहते. मुलाला ती माया दिसली पाहिजे. न बोललेली माया मूल ओळखेलच असे धरून चालणे हा आपल्याकडच्या पुरुषांचा जुना भ्रम आहे. कितीतरी बाप मुलांसाठी कर्ज काढतात, जमीन विकतात, स्वतः अर्धपोटी राहतात, आणि मुलाच्या मनात मात्र त्यांची ओळख दारात वाजणाऱ्या चपलेच्या आवाजापुरती उरते.

त्या बापाच्या रागामागे काय असते, हेही पाहायला हवे. ग्लेन एल्डर या समाजशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये अमेरिकेतल्या महामंदीत ओकलंडमध्ये वाढलेल्या मुलांवर पुस्तक लिहिले. ज्या घरांचे उत्पन्न एकाएकी कोसळले, तिथे मुलांना पैशाच्या तंगीची झळ लागली, पण त्याहून अधिक झळ लागली ती त्या तंगीने चिडखोर झालेल्या वडिलांची. हे निरीक्षण अवकाळी पावसानंतरच्या तासगावात जसेच्या तसे लागू पडते. घड कुजले, मणी तडकले, सोसायटीचे हप्ते थकले, आणि त्या रात्री पोराच्या हातून दुधाचा पेला सांडला, तर चापट पेल्यासाठी बसत नाही. मुलाला हे कळत नाही. ते समजते, की आपल्यातच काहीतरी वाईट आहे. म्हणून संकटाच्या दिवसांत मुलांना थोडक्यात खरे सांगावे: या वर्षी बाग गेली, आम्ही काळजीत आहोत, तुझ्यावर रागावलो तर तो राग तुझ्यामुळे नाही. आठ वर्षांच्या मुलाला एवढे समजते. ज्यांच्या घरात कोयता हेच भांडवल आहे, ज्यांची मुले गळीत हंगामात कारखान्याच्या कोपीवर थोरल्या बहिणीच्या कडेवर वाढतात, त्यांना पालकत्वाचे धडे देण्याआधी समाजाने साखरशाळा, पाळणाघर आणि पोटभर अन्न देणे लागते. थकव्याला आपण स्वभाव म्हणू नये.

या भागाचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे गलाईचा व्यवसाय. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पसरली. पार दक्षिणेपर्यंत, गावोगावच्या सराफी पेठांत त्यांची दुकाने आहेत. काहींची मुले तिकडेच तमिळ किंवा मल्याळम बोलत वाढली, काहींची गावी आजी-आजोबांजवळ राहिली. अशा घरात बाप दिवाळीला आणि जत्रेला येतो. चार दिवसांत लाडही उरकतो आणि वर्षाचा धाकही. मूल दोन्हींत गोंधळते. वर्षभराची शिस्त तेव्हा आजीच्या हातात असते, पण तिचा शब्द शेवटचा नाही हे नातवाला पक्के ठाऊक असते. अशा घरांनी एवढे जरी ठरवले, की आजीने केलेला नियम वडील फोनवरून मोडणार नाहीत, आणि वडिलांचा फोन फक्त गुण विचारायला येणार नाही, तरी पुष्कळ साधेल.

आई-बाप जवळ नसले तर मूल वाया जाते, असे मात्र मुळीच नाही. हवाईमधल्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीपर्यंत पाठपुरावा केला. गरिबी, व्यसन, भांडणे अशा अनेक अडचणींत सापडलेल्या मुलांपैकी जवळजवळ एक तृतीयांश मुले चांगली, कर्ती माणसे झाली. त्यांच्या आयुष्यात एक गोष्ट समान होती. आजी असो, मावशी असो, शिक्षक असो, त्यांच्यावर भरवसा ठेवणारे एक तरी मोठे माणूस त्यांना लाभले होते. आपल्याला हे परके वाटायला नको. ज्यांचे मूळ गाव साताऱ्यातले कटगुण, त्या जोतिराव फुल्यांची आई ते तान्हे असतानाच गेली. त्यांना वाढवले सगुणाबाई क्षीरसागर यांनी. शाळेतून काढलेल्या जोतिरावांना वडील गोविंदरावांनी १८४१ मध्ये पुन्हा शाळेत घातले, तेही गफ्फार बेग मुन्शी आणि लिजीट साहेब या दोन जाणत्या शेजाऱ्यांचे ऐकून. आपली चूक दुसऱ्याकडून ऐकून घेणारा बाप हाही मोठाच बाप असतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभे केले. तेव्हा तासगाव सातारा जिल्ह्यातच होते, दक्षिण सातारा वेगळा झाला तो १९४९ मध्ये. त्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, स्वतः कामे करत, कमवत आणि शिकत. शिस्त कडक होती. आणि त्याच मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिले. १९३० मध्ये त्या गेल्या. स्वाभिमानाने राबायला लावणारी शिस्त आणि मुलाच्या ताटात घास पडावा म्हणून सर्वस्व देणारी माया एका छपराखाली आली, आणि तिथून खेड्यापाड्यांतल्या मुलांची पिढी उभी राहिली. कष्ट मुलाला मोडत नाहीत, हेही यातून कळते. राज्याचे उपमुख्यमंत्री झालेले, तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील रोजगार हमीच्या कामावर जाऊन शिकले. माणसाला मोडतो तो अपमान.

अपमानाचा विषय निघाला म्हणून मुलींबद्दल लिहायलाच हवे. पालकत्वाच्या तऱ्हांची चर्चा घराला एकच तऱ्हा असते असे धरून होते. आपल्याकडे एकाच घरात दोन असतात: मुलासाठी सैल, मुलीसाठी हुकमी. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात २८५ मुलींना नवी नावे देण्याचा समारंभ झाला, कारण त्यांचे आधीचे नाव ‘नकुशा’ होते. ज्या मुलीला हजेरीत रोज आपण नको असल्याची आठवण ऐकावी लागते, तिच्यावर कुठल्या तऱ्हेचा काय परिणाम होईल हे मोजण्याची गरज उरत नाही. आज ते नाव कुणी ठेवत नसेल. पण भावाच्या ताटातली मोठी भाकरी, भावाला गाडी आणि बहिणीला वेळेचे बंधन, ‘दुसऱ्याच्या घरी जायचंय तुला’ हे रोजचे पालुपद, ही त्याच नावाची धाकटी रूपे आहेत. यात मुलाचेही नुकसान आहे. ज्याला कधी ‘नाही’ ऐकावे लागले नाही, तो उद्या बायकोचे ‘नाही’ कसे ऐकणार?

सैल पालकत्व या भागात तुलनेने नवे आहे, आणि ते द्राक्षाच्या पैशाबरोबर आले. आपल्याला मिळाले नाही ते सगळे मुलाला मिळावे, ही इच्छा निर्मळ आहे. पण वेळ देता येत नाही म्हणून वस्तू देणे आणि जेवावे म्हणून हातात मोबाइल देणे, यात मुलाला साद मिळत नाही, फक्त गप्प बसायची किंमत मिळते. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आली आणि नंतर शाळा परत गेली तरी मोबाइल घरात राहिला. त्यावर ओरडून उपाय होत नाही. जेवताना कुणाच्याच हातात मोबाइल नाही, असा नियम करून बापानेही तो पाळला, तर तो टिकतो. मुलासाठी एक नियम आणि मोठ्यांसाठी दुसरा, हे मुले सर्वांत आधी ओळखतात.

मुलाचे ऐकून घेणे ही पाश्चात्त्यांकडून आलेली चैन आहे, असे कुणाला वाटत असेल तर त्यांनी आपल्याच माणसांकडे पाहावे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. मारझोडीशिवाय, भीतीशिवाय मूल शिकते हे त्यांनी महाराष्ट्राला करून दाखवले. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साथीने आदिवासी मुलांच्या अंगणात शाळा नेली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. ज्या मुलाला शाळेत यायला सवड नाही, त्याच्या कामाच्या जागी त्या गेल्या. त्यांच्या अंगणवाडीचे नाव आज प्रत्येक गावात आहे. आणि तासगावच्या शेजारच्या किर्लोस्करवाडीतून १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक निघू लागले, तेव्हापासून घरातले नातेसंबंध हा छापून चर्चा करण्याचा विषय झाला. या संग्रहाचे नाते त्या परंपरेशी आहे.

लेख वाचताना एक सावधगिरी बाळगावी. मूल म्हणजे ओला मातीचा गोळा नव्हे. रिचर्ड बेल यांनी १९६८ मध्येच लक्षात आणून दिले, की पालक मुलाला घडवतात तसे मूलही पालकाचे वागणे घडवते. शांत मुलाची आई समजूतदार दिसते, आणि हट्टी मुलाची तीच आई हुकमी. म्हणून शेजारच्या घरावर शिक्का मारण्यासाठी या कप्प्यांचा वापर करू नये. स्वतःकडे पाहण्यासाठी करावा. बागायतदार फवारणीची तारीख, औषध आणि प्रमाण वहीत टिपून ठेवतो, कारण पुढच्या वर्षी अंदाजावर चालणार नाही हे त्याला ठाऊक असते. तेवढ्याच काटेकोरपणे त्याने एक आठवडा पाहावे: मुलाशी आपण किती वेळा बोललो, त्यांतली किती वाक्ये हुकमाची होती, आणि मुलाने आपणहून किती वेळा काही सांगितले. उत्तर बहुधा बोचेल, पण तिथूनच सुरुवात होते.

या पुस्तकाचे वाचक आयाच असतील, असे प्रकाशकांचा आणि विक्रेत्यांचा अनुभव सांगतो. पालकसभेतही त्याच येतात. माझी विनंती बापांना आहे. पुस्तक घरात आले तर ते तुम्ही वाचा. मुलाला जवळ घेण्याचे काम बायकोवर सोडू नका, आणि तिचा ‘नाही’ हा शब्द तुमच्या शब्दाइतकाच शेवटचा आहे हे मुलाला तुमच्या तोंडून ऐकू द्या. आयांनाही सांगणे आहे. पप्पांच्या नावाने धाक घालणे थांबवा. जे चुकले ते तिथेच, तुम्हीच सांगा, कारण समजवा आणि ठाम राहा. मुलगी आणि मुलगा यांना एकच नियम लावा. हात उचलू नका. एवढ्या गोष्टींना पैसा लागत नाही, मोठे शिक्षण लागत नाही, आणि त्यासाठी द्राक्षाला भाव येण्याची वाट पाहावी लागत नाही. ज्या घरात आई रागावू शकते आणि बाप समजूत काढू शकतो, त्या घरातल्या मुलाला चूक लपवावी लागत नाही. आणि चूक सांगायला जागा असलेले मूल मोठ्या संकटातही घराकडेच वळते.